नामफलकावरचं सरकार

रौप्यमहोत्सवानिमित्त तळमजल्यावरचा नामफलक नव्याने रंगवून घ्यायचं ठरलं, तेव्हा नावं तपासण्याचं काम माझ्याकडे आलं. शाळेत तीस वर्षं इतिहास आणि मराठी शिकवल्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचं खातं सोसायटीने पहिल्यापासून मलाच देऊन टाकलेलं आहे. पेंटरने केलेली यादी घेऊन मी एका दुपारी जिन्याजवळच्या बाकावर बसलो. पाटील, कुलकर्णी, देशपांडे, चिटणीस, पोतदार, मुजुमदार, देशमुख, सबनीस, फडणीस... आठव्या-नवव्या नावाला माझं मलाच हसू आलं. वॉचमनने विचारलं, "काय झालं काका?" म्हटलं, "अरे, ही सभासदांची यादी नाही, ही जुनी सरकारी कचेरी आहे!"

त्याला काही ते पटलं नाही. पण स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा विषय आयताच हाताशी होता. सोसायटीचा इतिहास, म्हणजे पाण्याच्या टँकरपासून लिफ्टपर्यंतचा, इतरांनी लिहिलाच आहे. मी त्या फलकाचा इतिहास सांगतो. ही सगळी आडनावं एके काळी कामं होती, पदं होती. त्या पदांची आडनावं कशी झाली आणि त्यात राज्याचं काय भलं-बुरं झालं, हे सांगता सांगता शेवटी थोडं माझ्याबद्दलही सांगावं लागणार आहे. ते टाळता आलं असतं, पण टाळणं बरोबर नाही.

गावापासून सुरुवात

खालून वर जाऊ. गावाचा मुख्य तो पाटील. जुन्या ताम्रपटांत 'पट्टकिल' असा शब्द येतो, त्याचाच हा पाटील. सारा गोळा करून सरकारात भरणं, गावात शांतता राखणं, पडीक जमीन लागवडीला आणणं ही त्याची कामं. त्याच्या शेजारी बसायचा कुलकर्णी. कोणाकडे किती जमीन, किती सारा बसला, किती आला, किती थकला, हे सगळं त्याच्या वहीत. पाटलाचा मदतनीस चौगुला. अनेक गावांचा मिळून परगणा; त्याचा मुख्य देशमुख आणि परगण्याचा हिशेबनीस देशपांडे. बाजारपेठ असेल तिथे शेटे आणि महाजन. म्हणजे गावात पाटील-कुलकर्णी, परगण्यात देशमुख-देशपांडे. एक कारभार बघणारा, दुसरा तो लिहून ठेवणारा. ही जोडी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वरचा राजा बदलायचा. यादव गेले, बहमनी आले, मग निजामशाही, आदिलशाही, मोगल. पण गावातला पाटील आणि कुलकर्णी सहसा बदलत नसत. नव्या राजालाही गावातून सारा हवा असायचा आणि तो कोणाकडून किती यायचा हे या दोघांनाच ठाऊक. म्हणून प्रत्येक नवं सरकार जुन्या वतनदारांना सनदा देऊन मोकळं व्हायचं. वतन म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालणारं काम आणि त्याबद्दल मिळणारी जमीन, हक्क, मानपान.

गावातला मोठा तंटा असला की गोतसभा बसायची. निर्णयाचा जो कागद होई त्याला महजर म्हणत. त्यावर सगळ्यांच्या साक्षी. ज्यांना लिहिता येत नसे ते आपल्या कामाची निशाणी काढत: पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, परटाची मोगरी. आपल्या वार्षिक सभेच्या हजेरीपटावरच्या सह्या, त्यातल्या काही कोणालाच न लागणाऱ्या, पाहिल्या की मला ते महजर आठवतात.

पण हे चित्र नुसतं गोड करून सांगणं खोटेपणाचं होईल. गावाच्या कारभारात महार समाजाचंही वतन होतं. गावाची राखण, शिवेची साक्ष, सरकारी टपाल आणि ओझी पोचवणं, आल्या-गेल्या अंमलदाराच्या सेवेला हजर राहणं. काम चोवीस तासांचं, मोबदला नाममात्र आणि 'नाही' म्हणायची सोय नाही. पाटलाला पद मिरवता आलं. या माणसांना त्यांच्या वतनाने जखडून ठेवलं. १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात दुरुस्ती करून हे जोखड काढावं म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडलं होतं. वतन हा शब्द उच्चारताना त्याची ही बाजूही ध्यानात ठेवायला हवी.

'नीस' म्हणजे लिहिणारा

आता फलकावरच्या 'नीस' मंडळींकडे येऊ. फारसीत 'नवीस' म्हणजे लिहिणारा. चिठ्ठी लिहिणारा तो चिटणीस. हिशेबाची फर्द लिहिणारा फडणीस. जमा लिहिणारा जमेनीस. फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा पारसनीस. खजिन्याचा जमाखर्च लिहिणारा पोतनीस आणि त्याच्या शेजारी बसून नाणं खरं की खोटं हे पारखणारा पोतदार. सगळ्या हिशेबांची एकत्र बेरीज ज्याच्याकडे तो मुजुमदार. दप्तर ज्याच्या ताब्यात तो दफ्तरदार. आणि कारखानीस म्हटलं की आज यंत्रं डोळ्यांपुढे येतात, पण त्या काळी कारखाना म्हणजे कोठार किंवा खातं. धान्य, दारूगोळा, गवत यांची आवक-जावक कारखानीस ठेवायचा.

एक गंमत बघा. तलवारीशी नातं सांगणारी आडनावं आहेत, सरनोबत, हवालदार, किल्लेदार. पण लेखणीची त्याहून जास्त आहेत. राज्य जिंकायला तलवार लागते, पण जिंकलेलं टिकवायला रोजकीर्द लागते. रोजकीर्द, खतावणी, ताळेबंद, अजमास हे शब्द आपण आज वापरतो ते जुन्या दप्तरांतूनच आले आहेत. अजमास म्हणजे त्या वेळचं अंदाजपत्रक.

६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा शिवाजी महाराजांनी या पदांना संस्कृत नावं दिली. पेशवा झाला मुख्य प्रधान, मुजुमदार अमात्य, सुरनीस सचिव, वाकनीस मंत्री, डबीर सुमंत, सरनोबत सेनापति. शिवाय न्यायाधीश आणि पंडितराव. हे अष्टप्रधान. मोरोपंत पिंगळे मुख्य प्रधान, अण्णाजी दत्तो सचिव, हंबीरराव मोहिते सेनापति. फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोशही तयार करवून घेतला. तरी आपल्या फलकावर टिकले ते बहुतेक जुने फारसी शब्दच. 'सचिव' मात्र साडेतीनशे वर्षांनी सोसायटीत परत आला. महाराजांचे सचिव सरकारी पत्रं तपासून दुरुस्त करत. आपले सचिव पार्किंगच्या नोटिसा काढतात.

गडावरचे तिघे

शाळेत अष्टप्रधानांची नावं पाठ करून घेताना मुलं कंटाळायची. मग मी त्यांना गडावरची व्यवस्था सांगायचो आणि वर्ग जागा व्हायचा. कृष्णाजी अनंत सभासदाने बखरीत ती लिहून ठेवली आहे. गडावर एक हवालदार, एक सबनीस आणि एक सरनोबत. तिघे एकाच दर्जाचे, कोणी कोणाचा साहेब नाही. दरवाजाच्या किल्ल्या हवालदाराकडे, गडावरची शिबंदी सरनोबताकडे, हजेरी आणि हिशेब सबनिसाकडे. कोठारं सांभाळायला वेगळा कारखानीस. कारभार मात्र एकविचाराने करायचा. शिवाय ही माणसं वेगवेगळ्या जातींची नेमण्याचा प्रघात होता, म्हणजे संगनमत व्हायला अवघड.

मुलांना विचारायचो, "समजा हवालदार फितूर झाला तर?" मागच्या बाकावरून उत्तर यायचं, "सर, बाकीचे दोघं आहेत ना!" तेच. आपल्या माणसांवर महाराजांचा विश्वास नव्हता, असा याचा अर्थ मुळीच नाही. माणूस कितीही चांगला असला तरी एकट्याच्या हाती सगळं देऊ नये, कारण त्यात राज्याला धोका आणि त्या माणसालाही धोका. सोसायटीच्या चेकवर दोन सह्या लागतात, त्यामागचं शहाणपण हेच.

दुसरी गोष्ट पगाराची. अधिकाऱ्यांना शक्य तोवर रोख वेतन द्यायचं, मुलूख तोडून द्यायचा नाही आणि बापाचं पद मुलाला आपोआप द्यायचं नाही, असं महाराजांचं धोरण होतं. ज्याला पगार मिळतो त्याला बदलता येतं. ज्याला मुलूख मिळतो त्याला बदलायला फौज पाठवावी लागते.

आणि तिसरी गोष्ट बारीक लक्षाची. १६७३ च्या मे महिन्यात चिपळूणजवळ घोडदळाची छावणी होती. तिथल्या अधिकाऱ्यांना महाराजांच्या नावे गेलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा: पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि वैरण आत्ताच बेपर्वाईने खर्च कराल तर ऐन पावसात घोडी मरतील. मग तुमची माणसं कोणा कुणब्याचं धान्य, कोणाचा भाजीपाला, कोणाची लाकडं उचलून आणतील, आणि लोक म्हणतील की यांच्यापेक्षा मोगल परवडले. पुढे तर इतकं बारीक लिहिलं आहे की रात्री दिवा जळता ठेवू नका. उंदीर पेटती वात ओढून नेतील, गवताला आग लागेल आणि सगळा दाणागोटा जाईल. मीटररूममध्ये पुठ्ठ्याची खोकी ठेवू नका, ही नोटीस दर सहा महिन्यांनी का लागते, असं विचारणाऱ्या मंडळींनी हा उंदीर लक्षात ठेवावा.

पदाचं वतन कसं होतं

मग बिघडलं कुठे? १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीला गेले. खजिना रिकामा. औरंगजेब मराठा सरदारांना वतनांची लालूच दाखवत होता. त्यांना आपल्या बाजूला ठेवायचं तर पगार द्यायला पैसे नाहीत. तेव्हा मुलूख आणि वतनं द्यावी लागली. तसं केलं नसतं तर राज्य टिकलं नसतं, हेही खरं. पण अडचणीच्या वेळी काढलेली वाट पुढे राजमार्ग होऊन बसली. अष्टप्रधानांची पदं घराण्यांत गेली. भोरचे पंतसचिव आणि औंधचे पंतप्रतिनिधी ही घराणी तर संस्थानिक म्हणून स्वातंत्र्यापर्यंत टिकली.

हा धोका ओळखणारी माणसं त्या काळातही होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वतनदारांविषयी खडखडीत इशारा आहे. हे लोक राज्यातले छोटे वाटेकरीच, आहे त्यावर समाधान न मानणारे, असा त्याचा रोख आहे. त्याच ग्रंथात गडावरच्या अधिकाऱ्यांच्या बदल्यांचं वेळापत्रकही सांगितलं आहे: हवालदार तीन वर्षांनी बदलावा, सरनोबत चार वर्षांनी, सबनीस आणि कारखानीस पाच वर्षांनी. आपल्या व्यवस्थापक समितीची मुदतही पाच वर्षांचीच आहे, हा योगायोग मला फार आवडतो. पण इतिहासाचा टोमणा असा की खुद्द रामचंद्रपंतांचं अमात्यपदही त्यांच्या घराण्यात वंशपरंपरेने चालू राहिलं आणि बावड्याची जहागीर झाली. कळणं आणि वळणं यांत अंतर असतं ते असं.

१७१३ मध्ये शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद दिलं. १७२० मध्ये ते वारले आणि पद मिळालं वीस वर्षांच्या मुलाला. तो मुलगा म्हणजे पहिले बाजीराव, म्हणून निर्णय अचूक ठरला. पुढे नानासाहेब, मग १७६१ मध्ये पानिपतानंतर सोळा वर्षांचे माधवराव. तेही असामान्य निघाले. दोन-तीनदा दान चांगलं पडलं की माणसाला वाटतं, फासे आपल्याच बाजूचे आहेत. वारस चांगला निघाला तर वंशपरंपरा उत्तम दिसते. न निघाला तर त्याला काढायची सोयच नसते. १७९६ मध्ये दुसरे बाजीराव गादीवर आले, तेव्हा तेच झालं. या घराण्याचं मूळ आडनाव भट. लोक ते विसरले आणि 'पेशवे' म्हणू लागले. नाना फडणवीसांचं मूळ आडनाव भानू, हेही किती जणांना ठाऊक असतं? पद नावाला चिकटलं की पुन्हा सुटत नाही. उलट, महादजी शिंदे दिल्लीच्या बादशाहीचे वकील-ई-मुतलक झाले, उत्तर हिंदुस्थानात त्यांचा शब्द चालायचा, तरी स्वतःला पाटील म्हणवण्यात त्यांना अभिमान वाटे. गाव कण्हेरखेड, पाटीलकी तिथली.

पेशवाईत जिल्ह्याच्या मामलेदारावर नजर ठेवायला दरखदार असत: दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, पोतदार, सभासद आणि चिटणीस. कागद एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती तपासला जाऊन पुढे जायचा. मामलेदाराला त्यांना काढून टाकता येत नसे. गडावरच्या तिघांचीच ही वाढवलेली आवृत्ती. यातला 'सभासद' पाहून गंमत वाटेल. किरकोळ तंटे नोंदवून मामलेदाराच्या कानावर घालणं हे त्याचं काम. आपले सभासद हे काम आजही निष्ठेने करतात, व्हॉट्सॲप ग्रुपवर.

पण ही दरखदारीही वंशपरंपरेची झाली. मामलेदाराला त्यांना काढता येत नव्हतं हे चांगलं. हळूहळू कोणालाच काढता येईना, हे वाईट. तरीही नाना फडणवीसांच्या काळापर्यंत पुण्याचं हुजूर दप्तर शिस्तीत होतं. १८०० मध्ये नाना वारले. दुसऱ्या बाजीरावांच्या काळात परगणे जास्त बोली लावणाऱ्याला मक्त्याने जाऊ लागले. मक्तेदाराला मुलुखाची काळजी कशाला? भरलेले पैसे वसूल केले की झालं. दप्तराकडे इतकं दुर्लक्ष झालं की सरकारी कागद लोक घरी घेऊन जाऊ लागले. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, त्याला इंग्रजांच्या तोफा कारण होत्याच. पण हिशेब बघणारं कोणी उरलं नव्हतं, हेही एक कारण होतं, असं मला वाटतं.

राहिलेलं दप्तर आज पुण्याच्या पुरालेखागारात आहे. एकदा शाळेच्या मुलांना घेऊन मी तिथे गेलो होतो. कापडी रुमालांत बांधलेले मोडी कागदांचे गठ्ठेच्या गठ्ठे. गोविंद सखाराम सरदेसायांनी त्यातून निवडून ४५ खंड छापले, तरी तो समुद्रातला तांब्याच. एका मुलीने विचारलं, "सर, हे सगळे हिशेब कोण तपासणार आता?" सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही.

स्वातंत्र्यानंतर हे सगळं कायद्याने संपलं. परगणे आणि कुलकर्णी वतनं रद्द करण्याचा कायदा १९५० चा, कनिष्ठ गावकामगार वतनांचा १९५८ चा, मुलकी पाटलांचं पद रद्द करण्याचा १९६२ चा. कुलकर्ण्यांच्या वहीची जागा पगारी, बदली होणाऱ्या तलाठ्याने घेतली. त्या दिवसापासून आपल्या फलकावरचे पाटील आणि कुलकर्णी नुसते शेजारी उरले.

आणि आता माझं वतन

इथपर्यंत वाचणाऱ्यांना वाटलं असेल, मास्तरांनी वर्ग छान घेतला. पण हा लेख मला सुचला तो काही फलकामुळे एकट्या नाही.

चौदा वर्षं मी आपल्या सोसायटीचा खजिनदार होतो. प्रत्येक वेळी बिनविरोध. बिनविरोध म्हणजे काय हे आपल्याला माहीत आहे: दुसरं कोणी फॉर्म भरत नाही. पहिली काही वर्षं मी नाही नाही म्हणायचो. नंतर म्हणेनासा झालो. इमारतीतली लहान मुलं मला 'खजिनदार आजोबा' म्हणतात. त्यातल्या काहींना माझं खरं आडनाव ठाऊक नाही. आणि त्या दिवशी बाकावर बसून यादी तपासताना माझ्या फ्लॅटसमोर पेंटरने काय लिहिलं होतं सांगू? माझं नाव आणि पुढे आडनावाच्या जागी 'खजिनदार'. त्याला नावं सांगितली होती वॉचमनने. त्याचा काय दोष? चौदा वर्षांत त्याने दुसरं काही ऐकलंच नव्हतं. भानूंचे फडणवीस असेच झाले असतील.

गेल्या वार्षिक सभेत एका तरुण सभासद ताईंनी साधा प्रश्न विचारला, "काका, दुरुस्ती निधीच्या मुदत ठेवीची पावती बघायला मिळेल का?" आणि मला राग आला. मी म्हणालो, "चौदा वर्षांत एक पैसा इकडचा तिकडे झालेला नाही." सभेत दोन-चार जणांनी मान डोलावली, विषय पुढे गेला. ताई गप्प बसल्या. मी तणतणत घरी आलो आणि सौ.ला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग दाखवायची की पावती. तुम्ही खजिनदार आहात की फडणीस?"

रात्री कपाट उघडलं. पावती होती. सहा लाखांची. तिची मुदत मागच्या ऑक्टोबरातच संपली होती. आपोआप नूतनीकरणाच्या चौकटीत खूण करायची मीच विसरलो होतो. पैसे बचत खात्यात जाऊन पडले होते, अकरा महिने. पैसा इकडचा तिकडे झाला नव्हता, हे खरंच होतं. तो हललाच नव्हता, हाच घोटाळा होता. व्याजातला फरक धरला तर सोसायटीचं सुमारे २२ हजारांचं नुकसान. आपण सगळे महिन्याच्या देखभाल खर्चात पन्नास-शंभर रुपये वाढवायचे तर तासभर भांडतो. आणि इथे हे.

झोप लागली नाही. मी अप्रामाणिक नव्हतो. पण एकटा होतो आणि कोणी विचारत नव्हतं. विचारलं तेव्हा मला तो अपमान वाटला. ज्या माणसाने तीस वर्षं मुलांना गडावरचे तिघे शिकवले, त्याच्या कपाटाची किल्ली एकाच्याच खिशात होती.

त्या रात्री एक जुनी गोष्ट आठवली. निवृत्तीनंतर आम्ही कांचीपुरमला गेलो होतो, तिथून जवळच उत्तरमेरूर आहे. तिथल्या वैकुंठपेरुमाळ मंदिराच्या भिंतींवर चोळ राजा पहिला परांतक याच्या काळातले, ९१९ आणि ९२१ सालचे तमिळ शिलालेख आहेत. गावाच्या समित्या कशा निवडायच्या याचे नियम त्यात कोरलेत. गावाचे तीस भाग, प्रत्येक भागातल्या पात्र माणसांची नावं ताडपत्रावर लिहून घागरीत टाकायची आणि लहान मुलाच्या हाताने चिठ्ठी काढायची. वय ३५ ते ७०. तळ्याची समिती वेगळी, बागेची वेगळी. ही सोय त्या ब्राह्मण वस्तीतल्या जमीनदार पुरुषांपुरतीच होती, ते विसरून चालणार नाही. पण त्यातले दोन नियम मला तेव्हाच वहीत टिपून घ्यावेसे वाटले होते. मागच्या तीन वर्षांत जो समितीवर होता तो पुन्हा अपात्र. आणि पूर्वी समितीवर असताना ज्याने हिशेब दिला नाही तो अपात्र, त्याचे जवळचे नातेवाईकही अपात्र. अकराशे वर्षांपूर्वी दगडावर कोरलेली ही गोष्ट मी वहीत टिपली आणि वही कपाटात ठेवली. त्याच कपाटात, जिथे ती पावती होती.

पुढच्या महिन्यात विशेष सभा बोलावायला मी स्वतः सांगितलं. उभा राहून सगळं वाचून दाखवलं: पावतीचा क्रमांक, तारखा, नुकसानीचा आकडा. हात थरथरत होते, हे कबूल करतो. कोणी ओरडलं नाही. कोणी ओरडलं असतं तर बरं वाटलं असतं. एका ज्येष्ठ सभासदांनी "जाऊ द्या हो, तुमच्यासारखा माणूस..." असं सुरू केलं, तेव्हा मीच त्यांना थांबवलं. हेच ते, म्हटलं. इथूनच वतन सुरू होतं.

त्या सभेत तीन ठराव झाले. मुदत ठेवींची नोंदवही दोघांनी मिळून ठेवायची आणि मुदत संपण्याच्या तारखा सूचनाफलकावर लावायच्या. दर तीन महिन्यांनी जमाखर्चाचा गोषवारा सगळ्यांना वाचता येईल असा लावायचा. आणि कोणीही सलग दोनदा खजिनदार व्हायचं नाही. तिसरा ठराव माझा होता.

ज्या ताईंनी पावती मागितली, त्याच आता खजिनदार आहेत. किल्ल्या देताना मी म्हटलं, "यातली एक सचिवांकडे राहू द्या." त्या म्हणाल्या, "आधीच करून घेतली, काका." मला हायसं वाटलं आणि खरं सांगायचं तर किंचित लागलंही. चौदा वर्षांची सवय आहे ती.

पंचवीस वर्षांत आपण एक इमारत सांभाळली. पुढच्या पंचवीस वर्षांत तिला प्लास्टर लागेल, पाइप लागतील, कदाचित पुनर्विकासाचा प्रश्न येईल आणि तेव्हा रकमा लाखांत नसतील, कोटींत असतील. म्हणून लेखाच्या शेवटी एक विनंती. जमाखर्चाचा गोषवारा फलकावर लागला की दोन मिनिटं थांबून वाचत जा. कळला नाही तर विचारा. विचारल्याने समितीतल्या कोणाला राग आला तर त्यांना माझ्याकडे पाठवा, मी त्यांना गडावरच्या तिघांची गोष्ट सांगेन.

नवा नामफलक आता लागला आहे. माझ्या फ्लॅटसमोर माझं खरं आडनाव आहे, ऱ्हस्व-दीर्घासकट बरोबर. मुलांना सांगितलंय, आता नुसतं 'आजोबा' म्हणा. अजून विसरतात. पण शिकतील.

सर्व सभासदांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना रौप्यमहोत्सवी वर्षाच्या मनःपूर्वक शुभेच्छा!